चिनी लष्कराची बातमी कशी वाचावी

एका मराठी दैनिकाच्या परराष्ट्र पानावर मी नोकरीची बरीच वर्षं काढली. एजन्सीच्या कॉपीत ‘चीनच्या संरक्षणमंत्र्यांनी लष्कराला आदेश दिले’ असं वाक्य आलं की मी त्याखाली लाल रेघ मारायचो. नव्या सब-एडिटरला वाटायचं, साहेबांचं काहीतरी बिनसलंय. पण चीनचा संरक्षणमंत्री लष्कराला आदेश देतच नाही. तो परदेशी पाहुण्यांशी हस्तांदोलन करतो, परिषदांना जातो, भाषण वाचतो. डेस्कवर नव्यानं आलेल्यांना, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना आणि पूर्व लडाखच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांना जे तोंडी सांगत आलो, ते इथे लिहून काढतो.

सगळ्यात आधी पद बघा, आणि पद कोणतं? केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद. शेत कसणारा कोण दिसतोय याला महत्त्व नाही, सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते बघायचं. कागदोपत्री असे आयोग दोन आहेत. एक कम्युनिस्ट पक्षाचा, दुसरा १९८२च्या राज्यघटनेनं निर्माण केलेला, सरकारचा. माणसं दोन्हीकडे तीच. पण नेमणूक आधी पक्षाच्या आयोगावर होते आणि संसदेचा शिक्का मागाहून पडतो. शी जिनपिंग पक्षाच्या आयोगाचे अध्यक्ष झाले नोव्हेंबर २०१२मध्ये, सरकारच्या आयोगाचे मार्च २०१३मध्ये. मधले चार महिने लष्कर कोणाच्या ताब्यात होतं, असा प्रश्न चीनमध्ये कोणाच्या मनातही आला नाही.

या पदाचं वजन मोजायचं तर १९८९कडे जा. बीजिंगच्या तिआनमेन चौकात विद्यार्थ्यांची निदर्शनं पेटली तेव्हा डेंग शियाओपिंग ना राष्ट्राध्यक्ष होते, ना पंतप्रधान, ना पक्षाचे सरचिटणीस. १९८७मध्ये पक्षातल्या सर्वोच्च मंडळातून, म्हणजे पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीतूनही ते बाहेर पडले होते. हातात राहिलं होतं फक्त लष्करी आयोगाचं अध्यक्षपद. सरचिटणीस झाओ झियांग लष्करी कायद्याच्या विरोधात होते आणि ते आयोगाचे पहिले उपाध्यक्षही होते. तरी रणगाडे बीजिंगमध्ये शिरले आणि झाओ उरलेलं आयुष्य नजरकैदेत राहिले. पुढे जियांग झेमिन यांनी २००२मध्ये सरचिटणीसपद सोडलं, पण आयोगाचं अध्यक्षपद सप्टेंबर २००४पर्यंत धरून ठेवलं. म्हणून कोणी चिनी नेता ‘निवृत्त झाला’ अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारा: आयोग सोडला का?

आता खालच्या थरात या. मराठी बातम्यांत हा भाग जवळपास कधीच येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

लोकमुक्ती सेनेच्या, म्हणजे चिनी लष्कराच्या, प्रत्येक तुकडीत अधिकारी दोन असतात. एक लष्करी कमांडर, दुसरा राजकीय अधिकारी. रेजिमेंटपासून वर त्याला राजकीय कमिसार म्हणतात, बटालियनमध्ये आणि कंपनीत त्याची नावं वेगळी. कमिसार हा कमांडरचा दुय्यम नाही. दोघांची श्रेणी एक, महत्त्वाच्या आदेशांवर सह्या दोघांच्या. बढती, बदली, प्रशिक्षणातला राजकीय भाग, शिस्त, जवानांच्या घरच्या अडचणी हे सगळं कमिसारकडे. दोघांच्याही वर तुकडीची पक्ष समिती. तिचा सचिव बहुतेक वेळा कमिसार असतो आणि कमांडर उपसचिव. मोठे निर्णय समितीत व्हायचे, असा नियम आहे. लढाईच्या धांदलीत कमांडर स्वतः निर्णय घेऊ शकतो, पण नंतर समितीपुढे त्याचा हिशेब द्यावा लागतो.

ही घडी सत्ता मिळाल्यावर बसवलेली नाही. १ ऑगस्ट १९२७ला नानचांगचा उठाव झाला, तोच सेनेचा स्थापना दिन. त्याच वर्षी शरदात जियांगशी प्रांतातल्या सानवान गावी माओंनी उरलेल्या सैन्याची फेरमांडणी केली आणि पक्षाची शाखा थेट कंपनीपर्यंत नेली. डिसेंबर १९२९मध्ये फुजियानमधल्या गुतियान गावच्या परिषदेत पक्ष वर, लष्कर खाली हे ठरावात आलं. शी जिनपिंग यांनी २०१४मध्ये सेनेच्या राजकीय कामाची बैठक मुद्दाम त्याच गुतियानमध्ये घेतली. त्याच वर्षी आयोगाचे माजी उपाध्यक्ष शू साइहोऊ यांना भ्रष्टाचारावरून पक्षातून काढलं होतं. गाव निवडण्यातला इशारा जनरल मंडळींना नक्कीच कळला असणार.

सोव्हिएत लाल सेनेतही कमिसार होते, पण जर्मनीशी लढताना कमांडरच्या कामात ते आडवे यायला लागले तेव्हा ऑक्टोबर १९४२मध्ये स्टालिननं त्यांचा आदेशांवरचा अधिकार काढून घेतला. चीननं तो कधीच काढला नाही. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत पक्ष कोसळत असताना लष्कर त्याच्या मदतीला धावलं नाही, हे बीजिंगनं मनात पक्कं धरून ठेवलंय. ‘लष्कर पक्षाचं नको, राष्ट्राचं हवं’ ही मागणी तिथे विचार म्हणूनही वर्ज्य आहे. आपल्याकडे ‘लष्कर राजकारणापासून दूर’ ही अभिमानाची गोष्ट, तिथे तोच आरोप.

व्यवस्था खरंच चालते का? त्याची परीक्षा मे १९८९मध्ये झाली. बावदिंगला तळ असलेल्या ३८व्या सेनेचे कमांडर शू चिनशियान यांनी निदर्शकांविरुद्ध फौज नेण्याचा आदेश मानायला नकार दिला. त्यांचं कोर्ट मार्शल झालं, पाच वर्षांची शिक्षा झाली, पक्षातून काढलं. आणि ३८वी सेना? ती गेलीच. दुसऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली गेली आणि बीजिंगमधल्या कारवाईत आघाडीवर होती. एक कमांडर अडून बसला तरी सेना थांबू नये, यासाठीच ही सगळी मांडणी असते. माझ्या मते शू यांची गोष्ट या विषयावरच्या कुठल्याही जाडजूड ग्रंथापेक्षा जास्त शिकवते.

बदल्यांच्या बातम्यांकडे दुर्लक्ष करू नका, भले त्या पाच ओळींच्या असोत. एकच माणूस एकाच ठिकाणी फार वर्षं राहिला की त्याचे लागेबांधे तयार होतात, ही पक्षाची जुनी धास्ती. माओंचे ठरलेले वारसदार आणि संरक्षणमंत्री लिन बियाओ कटाचा ठपका येऊन १९७१मध्ये विमान अपघातात मेले. त्या प्रकरणानंतर, डिसेंबर १९७३मध्ये, माओंनी एका झटक्यात आठ लष्करी विभागांच्या कमांडरांची अदलाबदल केली. जुलै २०२३मध्ये क्षेपणास्त्र दलाचे कमांडर आणि कमिसार दोघंही एकदम बदलले गेले. नवे दोघंही दलाबाहेरचे होते, एक नौदलाकडून आलेला, दुसरा हवाई दलाकडून. अशी बातमी आली की ‘नियमित बदल्या’ हे शब्द मथळ्यात घालू नयेत.

पैशाचंही तसंच. ऐंशीच्या दशकात सेनेनं हॉटेलं, कारखाने, व्यापारी कंपन्या थाटल्या. जियांग झेमिन यांनी १९९८मध्ये त्या बंद करायला सांगितल्या. स्वतःचा गल्ला असलेलं लष्कर पक्षाकडे हात पसरत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

संस्थांची नावं २०१६मध्ये बदलली, म्हणून जुनी पुस्तकं जपून वापरा. पूर्वी चार मोठी ‘जनरल’ खाती होती आणि त्यांचे प्रमुख छोटे सुभेदारच असत. शी जिनपिंग यांनी ती मोडून थेट आयोगाच्या हाताखाली १५ विभाग केले. सात लष्करी विभागांच्या जागी पाच थिएटर कमांड, म्हणजे सगळ्या दलांच्या एकत्रित प्रादेशिक कमांड, आल्या. आपल्यासमोरची सगळी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा पश्चिम थिएटर कमांडकडे, मुख्यालय चेंगदूला. २०१८पासून निमलष्करी सशस्त्र पोलिसही सरकारकडून काढून फक्त आयोगाकडे दिले.

गलवानची बातमी या चष्म्यातून परत वाचा. ६ जून २०२०ला आपले लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग आणि दक्षिण शिनजियांग लष्करी जिल्ह्याचे मेजर जनरल लिउ लिन प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर चीनच्या बाजूला असलेल्या मोल्दोला चर्चेला बसले. १५ जूनच्या चकमकीत आपले २० जवान गेले, आणि ते आपण लगेच सांगितलं. चीननं आपल्या चार मृतांची नावं फेब्रुवारी २०२१मध्ये दिली, तीसुद्धा गौरवाच्या बातमीत, आणि गौरव केला होता लष्करी आयोगानं. मृतांची नावं केव्हा आणि कोणत्या सुरात सांगायची हा तिथे राजकीय निर्णय असतो. त्यांच्या मौनाला लष्करी गोंधळ समजू नका.

गेल्या काही वर्षांच्या बातम्या मात्र वेगळ्याच आहेत, आणि त्या वाचताना ‘पक्षाचं नियंत्रण’ एवढ्यावर भागत नाही. २०२२मध्ये आयोगात सात जण होते. त्यातले संरक्षणमंत्री ली शांगफू २०२३मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेल्या दोंग जुन यांना आयोगात घेतलंच नाही, म्हणजे मंत्रिपद किती पोकळ ते आणखी उघड झालं. राजकीय कामाचे प्रमुख मियाओ हुआ नोव्हेंबर २०२४मध्ये निलंबित झाले. उपाध्यक्ष जनरल हे वेइदोंग (‘हे’ हे आडनाव) यांची हकालपट्टी ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झाली. जानेवारी २०२६मध्ये आयोगाचे आणखी एक उपाध्यक्ष झांग यौशिया आणि सदस्य लिउ झेनली यांची चौकशी जाहीर झाली. सेनेच्या मुखपत्रानं आरोप काय लावला? अध्यक्षांच्या जबाबदारीची व्यवस्था पायदळी तुडवली. म्हणजे सगळी सूत्रं अध्यक्षांच्या हाती असण्याचा जो नियम २०१७मध्ये पक्षाच्या घटनेत घातला, त्याचा भंग. भ्रष्टाचारापेक्षा हे कलम जड आहे. सातांपैकी शी यांच्याशिवाय कारवाईतून सुटलेले एकटे झांग शेंगमिन, आणि त्यांचं खातं आहे शिस्त आणि तपास.

मियाओ हुआ यांचं काम अधिकाऱ्यांच्या निष्ठा तपासणं हेच होतं. पहारेकऱ्यावरच पहारा बसवायची पाळी आली, तर लष्कर पक्षाच्या हाती आहे म्हणायचं की एका माणसाच्या? मी आता कॉपीत ‘पक्ष’ लिहिताना थोडा थांबतो.

पक्षाचं २१वं अधिवेशन २०२७मध्ये अपेक्षित आहे. त्यानंतर आयोगाची नवी यादी येईल तेव्हा जनरलांची नावं नंतर वाचा. आधी उपाध्यक्षांत कोणी बिगरलष्करी माणूस आहे का ते शोधा. हू जिंताओ १९९९मध्ये आणि शी जिनपिंग ऑक्टोबर २०१०मध्ये असेच उपाध्यक्ष झाले होते, गादीवर येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. असं नाव नसेल, तर वारसदार अजून ठरलेला नाही, असा मथळा बेलाशक द्या.