एसएमटी चालू ठेवावं की बंद? आपल्याच कामावर मोजून ठरवा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. कोअर ८ आणि लॉजिकल प्रोसेसर १६ दिसले, तर एसएमटी चालू आहे, म्हणजे प्रोसेसरचा प्रत्येक कोअर एका वेळी दोन थ्रेड (सूचनांच्या दोन वेगळ्या रांगा) चालवतो. इंटेल त्यालाच हायपर-थ्रेडिंग म्हणतं. दोन्ही आकडे सारखे असतील, तर ते बंद तरी आहे किंवा प्रोसेसरमध्ये नाहीच. इंटेलने २०२४ च्या लूनर लेक या लॅपटॉप प्रोसेसरमधून ते काढून टाकलं.

१६ बघून हुरळून जाऊ नका, कोअर आठच आहेत. कोअर म्हणजे तवा आणि दोन थ्रेड म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या दोघी, असं समजा. एकीची पोळी लाटून होईपर्यंत तवा नुसता तापत राहतो. तेवढ्यात दुसरीची पोळी पडली, तर त्याच गॅसवर जास्त पोळ्या निघतात. पण एकटीचाच हात इतका झरझर चालत असेल की तवा कधी रिकामा राहतच नाही, तर दुसरीला पोळी हातात धरून उभं राहावं लागतं. प्रोसेसरचा तवा रिकामा राहतो तो बहुतेकदा मेमरीमुळे: हवा तो डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या वेगवान मेमरीत, नसला, की रॅमच्या फेरीत साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद जातात, म्हणजे ४ गीगाहर्ट्झच्या कोअरची तीन-चारशे चक्रं.

आता मोजायला घ्या. काम तुमचं रोजचंच निवडा. तसं हाताशी नसेल, तर सेव्हन-झिपमधलं बेंचमार्क चालेल, त्यात थ्रेडची संख्या बदलता येते. लॅपटॉप चार्जरला लावा, ब्राउझर बंद करा. तेच काम चार वेळा चालवा, पहिला आकडा सोडून द्या आणि उरलेल्या तिनांतला मधला लिहून ठेवा.

मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एसएमटी बंद करा आणि पुन्हा तसंच मोजा. इथे हमखास एक चूक होते: प्रोग्रामला अजूनही १६ थ्रेड सांगितलेले असतात. ते ८ करा, नाहीतर तुलनाच चुकते. मी तिसरी मोजणीही करतो, एसएमटी चालू पण थ्रेड ८. तीत फायदा एसएमटीचा की नुसत्या थ्रेडसंख्येचा, ते उघड होतं.

कोड कंपाइल करणं, डेटाबेस, फायली अनझिप करणं यांत वाट बघणं भरपूर, म्हणून फायदा दिसतो. २००२ मध्ये इंटेलने सर्व्हरच्या कामांत ३० टक्क्यांपर्यंत वाढ सांगितली होती, तीही चिपचा आकार ५ टक्क्यांहून कमी वाढवून. मॅट्रिक्सच्या गुणाकारात मात्र गणिताचे विभाग एकाच थ्रेडने भरून जातात. दुसरा आला की कॅशमध्येही वाटेकरी. म्हणूनच इंटेलची एमकेएल ही गणिताची लायब्ररी आपणहून प्रत्यक्ष कोअरइतकेच थ्रेड घेते. गेममध्ये सरासरी एफपीएसवर (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येवर) जाऊ नका, अधूनमधून बसणारे झटके बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एसएमटी चालू असताना टास्क मॅनेजर ५० टक्के दाखवत असेल, तर अर्धी ताकद शिल्लक आहे असं धरू नका. आठही कोअर तेव्हा कामाला जुंपलेले असू शकतात. सर्व्हर घेताना या आकड्यावर हिशेब केला, की ऐन गर्दीत तो कोलमडतो.

अनोळखी लोकांचा कोड एकाच मशीनवर चालवत असाल, तर वेगाआधी सुरक्षितता: एकाच कोअरवरच्या एका थ्रेडची माहिती दुसऱ्याकडे झिरपू शकते. २०१८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने याच काळजीपोटी एसएमटी आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली.

घरच्या मशीनवर फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत आला, तर चालूच ठेवा. बंद केलं असेल, तर बायोस अपडेटनंतर टास्क मॅनेजरमधले ते दोन आकडे पुन्हा बघा. सेटिंग पूर्ववत झालेली असू शकते.