हिनोदेच्या क्ष-किरण दुर्बिणीची पाळी: नव्याने बसणाऱ्यांसाठी

हिनोदे हे सूर्य न्याहाळणारं जपानी यान. त्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणीवर निरीक्षणाची पाळी लागली की नवा माणूस आधी सूर्याची ताजी चित्रं उघडतो. मी शिकवायला बसते तेव्हा ती खिडकी बंद करायला लावते आणि डेटाचा हिशेब उघडायला सांगते. या दुर्बिणीला जॉयस्टिक नाही. तुम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला बसून पुढच्या काही दिवसांचा तक्ता लिहायचा, तो जपानमधून यानावर चढायचा, आणि मग सूर्य जे काही करेल ते त्या तक्त्यात बसलं तरच तुमच्या हाती लागणार.

हिशेब आधी का, तर यान जपानी वेळेप्रमाणे २३ सप्टेंबर २००६ला उचिनौराहून सुटलं तेव्हा डेटा खाली पाठवायला एक्स-बँड हा वेगवान रेडिओपट्टा होता. २००७ संपता संपता तो बिघडला. तेव्हापासून सगळं संथ एस-बँडवरून येतं, आणि त्यातही यानावरच्या बाकीच्या उपकरणांचा वाटा असतो. आपला डिटेक्टर २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा. पूर्ण सूर्याचं एक चित्र पूर्ण बारकाव्यानिशी घेतलं, तर तेवढ्याच जागेत ३८४ बाय ३८४च्या चौकटीची अठ्ठावीस चित्रं मावली असती. हा आकडा डोक्यात पक्का बसवा. पिक्सेल एकत्र करून किंवा जेपेग दाबून जागा वाचते, पण बारीक रेषा पुसट होतात. आपल्या वाट्याची मेमरी भरली की पुढचं टिपलेलं वायाच जातं, म्हणून मी शेवटच्या तासांसाठी थोडी जागा कायम राखून ठेवते.

दुसरी गोष्ट वेळेची. जपानमधली सकाळ म्हणजे केंब्रिजमधली आदली संध्याकाळ. बैठकीत ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द वापरूच नका, प्रत्येक वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बोला आणि लिहा.

यान कुठे रोखायचं हे एकट्या आपल्या हातात नसतं. तिन्ही दुर्बिणी एकाच यानाला जखडलेल्या आहेत, त्यामुळे लक्ष्य सगळ्यांनी मिळून ठरतं. आपलं दृश्यक्षेत्र मोठं, साधारण ३४ कोनीय मिनिटांचं (असं एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे यान सूर्याच्या मधोमध रोखलेलं असेल तर अख्खा सूर्य मावतो. पण ते कडेच्या सक्रिय प्रदेशाकडे, म्हणजे सौरडागांभोवतीच्या तीव्र चुंबकीय भागाकडे, वळलं की उरलेला सूर्य चौकटीबाहेर जातो. दिवसातून दोनदा पूर्ण सूर्याची ठरलेली चित्रं घेतो, त्या वेळा कुणालाही देऊ नका. २००६पासूनची ती मालिका आहे. दोन सौरचक्रांची तुलना करणाऱ्याला तीच लागते.

आता फिल्टर. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परतत नाहीत. पाण्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड जसा उसळतो तसे ते आरशाला घासून जातानाच वळतात. म्हणून आपला आरसा नळकांड्यासारखा आहे आणि त्याचं नाभीय अंतर २.७ मीटर. त्यामागे दोन फिल्टर-चाकं आहेत आणि प्रश्नाचं उत्तर त्या चाकांत दडलेलं असतं. शांत सूर्य, ध्रुवाजवळची विवरं (क्ष-किरणांत काळे दिसणारे भाग), दहा-वीस लाख अंशांचा वायू पाहायचा असेल तर अॅल्युमिनियम-मेश किंवा अॅल्युमिनियम-पॉली. सक्रिय प्रदेशाचा तापलेला गाभा हवा तर थिन बेरिलियम. ज्वालेसाठी, म्हणजे सूर्यावरच्या अचानक स्फोटासाठी, जाड बेरिलियम, नाहीतर चित्रात नुसता पांढरा डाग येतो. तापमान काढायचं असेल तर एका फिल्टरने भागत नाही. दोन फिल्टर एकामागोमाग घ्या, मधलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा. तापमान दोन्ही चित्रांतल्या तेजाच्या गुणोत्तरातून निघतं, मधे वायूच बदलला तर त्या गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

पातळ फिल्टरांबद्दल सावध राहा. ९ मे २०१२ला दुर्बिणीच्या तोंडावरच्या फिल्टरला बारीक छिद्र पडलं आणि दृश्य प्रकाश आत शिरू लागला. पुढेही तसं घडलं. टायटॅनियम-पॉली आणि कार्बन-पॉलीच्या चित्रांत तो जाणवतो, दुरुस्ती करावी लागते. शिवाय थंड डिटेक्टरवर हळूहळू थर साचतो, म्हणून तो अधूनमधून तापवतात. थर लांब तरंगलांबीचे किरण आधी खातो, म्हणजे मार पुन्हा पातळ फिल्टरांनाच. तापवणं कधी झालं ते पाहिल्याशिवाय दोन आठवड्यांच्या चित्रांची तुलना करू नका.

किती वेळाने एक चित्र घ्यायचं, इथे मी सगळ्यात जास्त वाद घालते. ध्रुवीय विवरांतल्या क्ष-किरण फवाऱ्यांचं, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोतांचं, उदाहरण घ्या. या दुर्बिणीने दाखवलं की ते दिवसाला सुमारे साठ उठतात, आणि एकेकाचं आयुष्य साधारण दहा मिनिटं. कुणी दर दहा मिनिटांनी पूर्ण सूर्य मागितला तर चित्रं सुरेख येतील आणि फवारे हातचे जातील. तिथे छोटी चौकट लावा, एकच पातळ फिल्टर ठेवा आणि मिनिटाच्या आत पुढचं चित्र घ्या. विवर अंधारं असतं, एक्सपोजर लांबवावं लागतं. तेवढ्यात चौकटीच्या कोपऱ्यात एखादा तेजस्वी ठिपका असला तर तो भरून सांडतो आणि उभी पांढरी रेघ पडते. चौकट थोडी सरकवली की तो बाहेर जातो. हे काम हाताने, चित्र मोठं करून करा. मी अजूनही तसंच करते, आणि स्वयंचलित एक्सपोजर कितीही चांगलं असलं तरी अशा ठिकाणी त्याच्यावर सोडत नाही.

ज्वालेचं मात्र यानावर सोडावंच लागतं. आपली दुर्बीण मधेमधे खडबडीत गस्तीचं चित्र घेते, एखादी जागा अचानक उजळली की ज्वालेचा झेंडा वर करते आणि बाकीच्या उपकरणांना जागा कळवते. मग ज्वालेचा कार्यक्रम सुरू होतो. तो तुम्ही आधीच भरून ठेवायचा असतो: छोटी चौकट, जाड फिल्टर, अगदी लहान एक्सपोजर. १३ डिसेंबर २००६ची एक्स-३.४ ज्वाला (एक्स हा सगळ्यात तीव्र वर्ग) हिनोदेला मिळाली, कारण यान त्या सौरडागावरच रोखलेलं होतं. चुंबकीय नकाशात विरुद्ध ध्रुवतेचे डाग एकमेकांना चिकटलेले दिसले तर दुसरीकडचं गोजिरं लक्ष्य सोडून तिथेच थांबा, असा माझा आग्रह असतो. दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्यातून यान जातं तेव्हा डिटेक्टरवर ठिपक्यांचा पाऊस पडतो. महत्त्वाची चित्रं त्या मिनिटांत ठेवू नका. मे ते ऑगस्टच्या सुमारास कक्षेत रात्र येते, सुमारे ९८ मिनिटांच्या फेरीतला काही भाग सूर्य पृथ्वीआड असतो. आत शिरताना आणि बाहेर येताना वातावरण क्ष-किरण शोषतं. तिथला मंदपणा सूर्याचा नसतो, ती चित्रं मोजमापात धरू नका.

भारतातले विद्यार्थी आदित्य-एल१चा डेटा घेऊन येतात तेव्हा मला फार आनंद होतो. तिथली सोलेक्स आणि हेलिओस ही क्ष-किरण उपकरणं अख्ख्या सूर्याचा वर्णपट देतात, जागा दाखवत नाहीत. जागा आपल्या चित्रातून मिळते. त्यांना ज्या दिवसाची ज्वाला हवी असेल, त्या दिवशी आपलं यान कुठे रोखलेलं होतं ते सगळ्यात आधी तपासून द्या.

तक्ता चढवण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या: चौकटीचे निर्देशांक, फिल्टरची जोडी, एकूण डेटा, सूर्य पृथ्वीआड जाण्याच्या वेळा. चित्रं उतरली की पहिली काही लगेच उघडा. भरून सांडलेली, रिकामी, सरकलेली, जी असतील त्यांची वेळ यूटीसीत पाळीच्या वहीत लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याच चौकटीला योग्य एक्सपोजर लावेल.