शिंपला आणि मॉसची तुलना लिहायची कशी

आमच्या खानापुरातल्या एका पोरीनं प्रोजेक्टला युरोपातला नदीत राहणारा मोत्याचा शिंपला आणि इंग्लंडातल्या डर्बीशायरचं फेदर मॉस घेतलं, दोन्ही धोक्यातले, आणि वहीत पहिली ओळ काय तर एक प्राणी आहे, दुसरी वनस्पती. बरोबर आहे पण त्यानं काय कळतंय?

आधी शब्दाचा घोळ मिटवा. आपण भिंतीवरच्या हिरव्या मखमलीला शेवाळ म्हणतो आणि विहिरीतल्या बुळबुळीतालाही शेवाळच, कन्नडात पण पाची म्हटलं की दोन्ही आलं. मॉस वेगळं बघा, त्याला बारीक पानं असतात, मुळं नसतात, पाणी अंगानंच पितं. जुलैत चिऱ्याच्या भिंतीवरचं भिंगातून बघा की, लगेच कळतंय.

मग दोनच प्रश्न घ्या. मोजायचं काय, आणि पुढची पिढी अडलीय कुठं?

शिंपल्याचं वय मोजा. हा 100 वर्षांच्या वर जगतो, त्याची पिल्लं आधी सॅल्मन नाहीतर ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, नंतर सुटून खडीत पुरून काही वर्षं काढतात, आणि खडीत गाळ भरला की ऑक्सिजन मिळत नाही, तिथंच मरतात. म्हणून नदीत शेकडो म्हातारे शिंपले दिसले तरी खूश होऊ नका, लहान किती आहेत ते लिहा. लहान नसतील तर तिथली जात संपायलीय, फक्त अजून दिसत नाही. मला तर हे फार लागतं.

मॉसचं उलटं. तिथं नग मोजून उपयोग नाही, जागा मोजायची. हे फेदर मॉस जगात एकाच चुनखडीच्या झऱ्यात आहे, साधारण 3 चौरस मीटर, म्हणजे एका डबल बेडएवढीच जागा, तेवढं पाणी आटलं किंवा घाण झालं की खेळ खलास. गाळाचा त्रास यालाही आहे, पण कारण वेगळं, ऊन अडतं. दोघांना एकाच ओळीत "प्रदूषण" लिहून मोकळं होऊ नका.

प्रॅक्टिसला पावसाळा संपल्यावर खानापूरजवळच्या असोग्याला मलप्रभा नदीत बघा. आपल्याकडचे शिंपले वेगळ्या जातीचे, पण त्यांचीही पिल्लं माशांवरच वाढतात. रिकामी शिंपली खुशाल घरी न्या, मात्र हात लावल्यावर घट्ट मिटला तर तो जिवंत आहे, फोटो काढून जिथनं उचलला तिथंच परत ठेवायचा.