लडाखच्या घरासाठी तेलाचा हीटर निवडताना

वास्कोत ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणं हे माझं काम. भाचा लडाखात, वीज न पोचलेल्या गावात घर बांधतोय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर नको. 2000 वॉटचा सलग दहा तास चालला तर 20 युनिट खातो. सोलरच्या बॅटऱ्या मान टाकतील.

रॉकेल किंवा डिझेल जाळणारा, धुराडं असलेला घ्या. त्यातही पंखा-पंप नसलेला, टाकीतून थेंब थेंब तेल सोडणारा. विकत घेण्याआधी फ्लोटचं, म्हणजे तेलाची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाचं, झाकण उघडायला लावा, सुईसारखी झडप बोटाने हलवून बघा. ती अडकली तर तेल तुंबेल, नाहीतर ज्योतीच्या भांड्यात वाहत राहील आणि आग लागेल. बसवताना लेव्हल लावा, कारण हीटर तिरका असला की फ्लोटची पातळी चुकते. लेहच्या उंचीवर, म्हणजे 3500 मीटरला, श्वासागणिक ऑक्सिजन आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो. ज्योतीचंही तेच. तेल कमी सोडलं नाही तर काजळी धरते, म्हणून उंचीप्रमाणे तेल कमी करता येणारंच मॉडेल मागा.

साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं गोठून फिल्टर बंद करतं. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, तेच भरा.

बिनधुराड्याचा हीटर झोपायच्या खोलीत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवरचा अलार्म उशाजवळ लावा, आणि हवा आत येण्याचं भोक थंडीला घाबरून बुजवू नका.