वडिलांच्या कारखान्यातल्या जुन्या माणसांकडून आठवणी कशा काढून घ्याव्यात

पहिलं सांगते, प्रश्नांची यादी करू नका. जो तो हाच सल्ला देतो, पन्नास प्रश्न काढा, जन्मापासून क्रमानं विचारा वगैरे. मी काढली होती तशी यादी, चांगली वहीत लिहून, आणि पहिल्याच घरी दुसऱ्या प्रश्नाला संपली.

बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, 31 वर्षं इंजिनियर होते. ते गेल्यावर मी त्यांच्या बरोबरच्यांना शोधून भेटले, मग मैत्रिणीच्या वडिलांसाठी, मग साखर कारखान्यातल्या मावसकाकांसाठी असं तीनचारदा हेच काम केलंय, त्यामुळं काय चालतं नि काय नाही ते आता कळतंय.

नावं शोधायला खंडेनवमीचे फोटो काढा. बेळगावात कुठल्याही कारखान्यात त्या दिवशी मशीनला झेंडूच्या माळा घालून सगळ्यांचा ग्रुप फोटो व्हायचाच. रिटायरमेंटच्या फोटोत नुसते साहेब लोक पुढं बसलेले असतात, खंडेनवमीच्या फोटोत साचे करणारे मोल्डर, ओतीव माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले, वॉचमन सगळे सापडतात. एकजण ओळखीचा निघाला की बाकीच्यांचे नंबर तोच देतो. फोन करून जा, सकाळी दहानंतर, हातात बेळगावची मिठाई, कुंदा, असू दे.

आता खरी अडचण. तुम्ही गेलात, चहा झाला, मोबाईल टीपॉयवर ठेवून म्हणालात, "काका, बाबांबद्दल काहीतरी सांगा." झालं, संपलं तिथंच. समोरचा माणूस ताठ बसतो, घसा साफ करतो आणि शोकसभेतलं भाषण चालू. साहेब देवमाणूस होते, कधी कुणाला दुखावलं नाही, कामात एकदम कडक पण मनानं मऊ. कन्नड बोलणारे असतील तर "साहेब्रु भाळ छलो इद्रु", अर्थ तोच. एका काकांनी तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात केली, 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग 1910 ला किर्लोस्करवाडी. सगळं खरं, पण माझे बाबा त्यात कुठं आहेत? मी तीन घरं अशीच वाया घालवली, तासाचं रेकॉर्डिंग झालं आणि त्यात एक ओळ उपयोगाची नाही.

त्यांची चूक नाही यात. मेलेल्या माणसाच्या मुलीपुढं माणूस आणखी काय बोलणार?

तोडगा मला चुकून सापडला. बाबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक बिडाचा तुकडा असायचा, कसल्यातरी फ्लँजचा मोडका भाग, मध्ये बोराएवढं भोक. मच्छे गावच्या एका मोल्डर मामांकडं जाताना तो पिशवीत होता. भाषण आटोपलं, मी उठले, आणि सहज तुकडा काढून विचारलं, मामा हे कशाचं आहे हो? त्यांनी हातात घेतलं, अंगठा त्या भोकात फिरवला आणि परत खाली बसले.

"हे कुठनं आणलीस?"

मग दीड तास. पावसाळ्याचे दिवस, साच्याची वाळू ओली होती, मामा म्हणाले होते आज ओतू नको साहेब, डिस्पॅच अडलाय म्हणून बाबांनी ओतायला लावलं. ओल्या साच्यात 1300 अंशांच्या वरचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नाही मिळाली की ती आतच अडकते आणि कास्टिंगमध्ये असं भोक पडतं, ब्लोहोल म्हणतात त्याला. त्या रात्रीचे 42 पीस रिजेक्ट. आणि रजिस्टरला नाव कुणाचं लागलं तर मामांचं. मामा हे रागानं नाही, हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. पण बाबांनी तो तुकडा पुढं सगळा जन्म टेबलावर का ठेवला ते मला तिथं बसून कळलं, घरी कधीच बोलले नव्हते.

म्हणून वस्तू घेऊन जा. मापं घ्यायचा जुना व्हर्नियर, ड्रॉइंगची घडी, डबा, काहीही. आणि माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा: भट्टी सकाळी कोण पेटवायचं, क्रेन अडकली तर काय करायचा, रिजेक्शन आलं की आधी कुणाला बोलावणं यायचं. माणूस त्यातनं आपोआप बाहेर येतो. मोबाईल पिशवीतच ठेवा, गोष्ट रंगली की मग विचारून काढा. नाही म्हणाले तर नाही. दारात चपला घालताना जे बोललं जातं तेच बहुतेक वेळा खरं असतं, त्यामुळं निघायची घाई करू नका.

दोघांना एकत्र बसवलं तर उत्तम, पण सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालचा अशी जोडी अजिबात नको, खालचा माणूस तोंड उघडत नाही, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी. दोन बरोबरीचे बसवा. कुपोला, म्हणजे कोळशावरची जुनी भट्टी, बंद करून विजेवरची इंडक्शन फर्नेस कधी आली यावर ते भांडतील, भांडू द्या.

भाषेचं एक. कन्नडवाल्याला "मराठीत सांगा की" म्हणू नका. सीमाप्रश्न असेल बाहेर, फौंड्रीत शिव्या कन्नड, मराठी, उर्दू तिन्हीत होत्या. तो ज्या भाषेत तापतो त्याच भाषेत ऐका, नंतर कुणाकडनं तरी समजून घ्या.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. कपिलनं वर्ल्डकप आणला त्याच्या आधी की नंतर, म्हणजे 1983. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा कुठल्या शिफ्टला होता, म्हणजे 1984. मिरज लाईन ब्रॉडगेज झाली होती का. एवढ्यावर भागतं.

घरी आल्यावर त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाक्यांची तुमची वाक्यं होतात.

आणि वाईट वाटेल ते गाळू नका. मामांची गोष्ट लिहिली तेव्हा आत्या म्हणाली, हे कशाला, बाबांचं नाव खराब होतं. मी ठेवली. रजिस्टरला एकदा चुकीचं नाव लागलंच होतं, परत तेच कशाला करायचं?

शेवटी सगळ्यांना एकेक प्रत द्या, व्हॉट्सॲपवर पीडीएफ नको, कुणी उघडत नाही. झेरॉक्सवाल्याकडनं 16 च्या फॉन्टमध्ये प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. मामांना वाचता येत नाही, त्यांची नात वाचून दाखवते. त्यांचं पान कुठलं आहे तिथं मी पिवळी चिठ्ठी लावून दिली होती.