एरिया आणि सिंगल-टार्गेट डॅमेजची तुलना करताना या चुका टाळा

टेबलटॉप रोलप्ले खेळांत कोणता स्पेल (जादूमंत्र) अधिक ताकदीचा, एका जागेतल्या सगळ्यांना लागणारा एरिया स्पेल की एकालाच लागणारा सिंगल-टार्गेट, हा वाद नागपुरातही रंगतो. मग खेळ धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेत चालू असो वा रविवारी कुणाच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर. बहुतेक वेळा हा वाद एका साध्या गुणाकाराने मिटवला जातो. एका शत्रूला बसणारा सरासरी डॅमेज घ्यायचा, सापडलेल्या शत्रूंच्या संख्येने गुणायचा आणि मोठा आकडा विजयी ठरवायचा. या गुणाकारात नेमके काय चुकते, ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांवरून पाहू.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकूण डॅमेजलाच परिणाम समजणे. फायरबॉल या एरिया स्पेलचा डॅमेज ८डी६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज), म्हणजे सरासरी २८. चार गॉब्लिन त्यात सापडले आणि चौघांचेही सेव्ह (स्पेलपासून बचावाचे रोल) फसले, तर वहीत ११२ हा आकडा लिहिला जातो. परंतु गॉब्लिनला ७ हिट पॉइंट (तितका डॅमेज झाला की तो पडतो) असतात, त्यामुळे कामी आलेला डॅमेज फक्त २८ असतो आणि उरलेले ८४ वाया जातात. आता समोर तीन ओगर ठेवा. प्रत्येकाला ५९ हिट पॉइंट आहेत. १५ च्या सेव्ह डीसीवर (बचावासाठी गाठायच्या आकड्यावर) ओगर चारपैकी तीन वेळा फसतो, म्हणून यशस्वी सेव्हवरचा अर्धा डॅमेज धरून प्रत्येकी सरासरी २४.५ आणि एकूण ७३.५ डॅमेज होतो. यातला एकही पॉइंट वाया जात नाही, आणि तरीही पुढच्या राउंडला (राउंडमध्ये प्रत्येकाला एक टर्न मिळतो) तिन्ही ओगर पूर्ण ताकदीने सोटे फिरवतात, कारण या नियमांत १ हिट पॉइंट उरलेला शत्रूही ५९ असलेल्याइतकाच जोरात मारतो. पहिल्या लढाईत कामी आले २८ आणि शत्रूचे चार टर्न कमी झाले, दुसरीत ७३.५ कामी आले आणि एकही टर्न कमी झाला नाही. म्हणून शत्रूला पुन्हा टर्न मिळण्याआधी त्यांतले किती पडतात, हे मोजावे, आणि त्यासाठी साथीदारांचा त्याच राउंडमधला डॅमेजही हिशेबात धरावा लागतो.

या हिशेबात उंबरठे फार महत्त्वाचे ठरतात. सेव्ह यशस्वी झाला तरी फायरबॉलचे सरासरी १४ गॉब्लिनला पुरून उरतात, मात्र १५ हिट पॉइंटचा ऑर्क त्यातून एका पॉइंटने वाचतो.

दुसरी चूक केवळ फासे पाहण्याची आहे. तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून (स्लॉट म्हणजे स्पेल टाकण्याची मोजकी संधी) टाकलेल्या स्कॉर्चिंग रेचे चार किरण मिळूनही ८डी६ च होतात, पण तिथे प्रत्येक किरणासाठी हल्ल्याचा रोल लागतो आणि चुकलेला किरण काहीच करत नाही. पाचव्या पातळीच्या, १८ बुद्धिमत्तेच्या विझार्डला हल्ल्यासाठी +७ मिळतात. ओगरच्या ११ आर्मर क्लासवर (हल्ला लागण्यासाठी गाठायच्या आकड्यावर) क्रिटिकल (२० पडल्यावर दुप्पट होणारे डॅमेजचे फासे) धरून चारही किरणांची सरासरी २५.२ येते, म्हणजे फायरबॉलपेक्षा किंचित जास्त. हॉबगॉब्लिनचा आर्मर क्लास १८ आहे. तिथे तीच सरासरी १५.४ पर्यंत घसरते, तर फायरबॉल एकट्या हॉबगॉब्लिनवरही २३.१ देतो. एकच शत्रू आहे म्हणून सिंगल-टार्गेट स्पेलच योग्य, हा समज इथे टिकत नाही.

तरीही फायरबॉलवरून सगळ्या एरिया स्पेलबद्दल मत बनवू नये. डंजन मास्टरच्या (डीएम, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) मार्गदर्शक पुस्तकातला नवे स्पेल बनवण्याचा तक्ता तिसऱ्या पातळीला एका टार्गेटसाठी ५डी१० (सरासरी २७.५) आणि अनेकांसाठी ६डी६ (सरासरी २१) सुचवतो. फायरबॉल या मापाच्या बराच वर आहे. तक्त्याप्रमाणे बनवलेला एरिया स्पेल एकाच शत्रूवर टाकला, तर तो उघडच तोट्याचा ठरतो.

किती शत्रू सापडतील याचा अंदाजही बहुधा फुगवलेला असतो. २० फूट त्रिज्येचे वर्तुळ चौकटींच्या नकाशावर प्रचंड दिसते; पण शत्रू काही सीताबर्डीच्या मेन रोडवरच्या गर्दीसारखे खांद्याला खांदा लावून उभे नसतात, आणि दुसऱ्या राउंडपासून आपला फायटर (जवळून लढणारा साथीदार) त्यांच्या मधोमध असतो. नकाशाविना खेळताना तेच पुस्तक ढोबळ नियम देते: गोलासाठी त्रिज्या भागिले ५, शंकूसाठी लांबी भागिले १०, रेषेसाठी लांबी भागिले ३०, आणि उत्तर वरच्या पूर्णांकात घ्यायचे. त्यानुसार फायरबॉलला चार, १०० फुटांच्या लाइटनिंग बोल्टलाही चार आणि १५ फुटांच्या बर्निंग हँड्सला दोन टार्गेट मिळतात. मात्र जागेप्रमाणे हे बदलावे. रामटेकच्या गडावर बेतलेल्या साहसात शत्रू पायऱ्यांवरून रांगेने उतरत असतील, तर लाइटनिंग बोल्टला याहून अधिक द्यायला हरकत नाही.

साथीदार मध्ये सापडतात ही तक्रार असेल, तर इव्होकेशन शाखेचा विझार्ड दुसऱ्या पातळीपासून त्यांना वाचवू शकतो: स्पेलच्या पातळीत एक मिळवून जितकी संख्या येते, तितके जण पूर्ण सुरक्षित राहतात, म्हणजे फायरबॉलमध्ये चार. इतरांनी पहिल्याच राउंडला, फायटर पुढे धावण्याआधी, एरिया स्पेल टाकावा. इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) मागे पडल्यास फायटरला रेडी ॲक्शन घेऊन, म्हणजे आपली कृती स्पेल पडेपर्यंत राखून ठेवून, थांबायला सांगणे हा त्रासदायक पण चालणारा उपाय आहे.

आणि टेबलावर प्रत्येक लढाई एकाच फायरबॉलने संपत असेल, तर डीएमने स्पेलमध्ये काटछाट करण्याआधी आपली मांडणी तपासावी. फायरबॉलचा व्यास ४० फूट आहे. शत्रूंच्या दोन टोळ्या ५० फुटांच्या अंतराने उभ्या केल्या, तर एका स्पेलमध्ये दोन्ही सापडत नाहीत, आणि पाचव्या पातळीच्या विझार्डकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट दोनच असतात.