धामणीची अंडी सापडली तर ती जगवायची कशी

आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात जेसीबीने बांध कोरताना नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना पांढरी, लांबट, मऊ सालीची अंडी निघतात, कधी पकडून आणलेली धामण सोडायच्या आधीच पेटीत अंडी घालते. पहिलं काम म्हणजे वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. धामण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर शेड्युल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे वनविभागाला कळवल्याशिवाय साप काय अंडी काय, घरी ठेवायची नाहीत. त्यांनी सांभाळायला सांगितलं तरच पुढचं.

उचलायच्या आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला साध्या पेन्सिलीने खूण करा. खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. कोंबडीची अंडी फिरवतात म्हणून लोक हीपण फिरवतात आणि तिथेच सगळं संपतं, कारण सापाचं पिल्लू आत वरच्या सालीला धरून वाढतं, अंडं उलटं झालं की ते गुदमरतं. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी करू नका, गठ्ठा तसाच उचला.

आता डबा. झाकणाचा प्लास्टिक डबा, बाजूला चार-पाच बारीक भोकं, आत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. केळीच्या टिश्यू कल्चरमुळे आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत मिळतं. धुऊन घ्या, मुठीत दाबलं की ओलं लागलं पाहिजे पण पाणी गळायला नको. अंडी अर्धी आत, अर्धी वर. पाणी अंड्यांवर कधीच मारू नका, कडेने सोडा.

टेम्परेचर २८ ते ३० डिग्री सेल्सिअस. बाहेरच्या देशातले लोक हीटर लावतात, आपल्याला मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उलटं थंड ठेवायचं टेन्शन असतं! ३३ च्या वर गेलं की पिल्लं वाकड्या मणक्याची निघतात किंवा आतच मरतात, म्हणून डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पेटी मातीच्या भिंतीच्या खोलीत रांजणाजवळ, आणि आत थर्मामीटर पाहिजेच, अंदाजावर जाऊ नका.

आठवड्याने अंधारात मोबाईलचा टॉर्च खालून लावून बघा, लाल शिरा दिसल्या म्हणजे जिवंत. नुसतं पिवळं दिसलं तरी लगेच फेकू नका, सडून वास आला तरच काढा, आणि चिकटलेलं असेल तर तेही राहू द्या.

साधारण दोन महिन्यांनी अंडी पिचकतात. घाबरू नका, वेळ जवळ आलीये. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला बारीक दात असतो, त्याने ब्लेड मारल्यासारखी सालीवर चीर पडते, त्यातून नाक बाहेर येतं, चिकट पाण्याचा एक फुगा येतो, मग डोकं. असं ते एक-दोन दिवस बसून राहतं, पोटातला बलक शोषून घेत असतं. मदत म्हणून अंडं फाडाल तर रक्त येईल, हात लावूच नका.

निघालेली पिल्लं फूट-दीड फुटाची असतात. ओलसर टिश्यू आणि पाण्याची वाटी द्या, खायला काही नको. आठवडा-दहा दिवसांत पहिली कात टाकली की वनविभागाच्या लोकांबरोबर जाऊन जिथे अंडी सापडली त्याच शिवारात, नाल्याकाठी, ऊन उतरल्यावर सोडा, सगळी एकाच जागी नाही, थोडी थोडी अंतरावर.